मंदी, मदत आणि सातबाऱ्यावरचे नाव

दुष्काळ डोळ्यांना दिसतो. विहीर आटते, गुरे खंगतात, उभे पीक करपते. तलाठी पाहून जातो आणि मामलेदार वर कळवतो. मंदी अशी दिसत नाही. सावित्रीच्या खोऱ्यात भात लोंबीवर आलेले असते, खळ्यावर मळणी होते, कणगी भरते. फक्त त्या भाताचे पुरेसे पैसे होत नाहीत आणि मुंबईहून महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर यायची थांबते. पीक जागेवर आहे आणि घर मात्र कर्जात बुडत चालले आहे, अशी ही आपत्ती. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसतो.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांकडे मी याच नजरेने पाहत आलो आहे. रायगड जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला अलिबागचा किनारा आठवतो, नाहीतर पनवेलचे टॉवर. हा भाग किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांच्या काठाने भाताची खाचरे, आणि वर चढत गेले की वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी. वरंध, आंबेनळी आणि कशेडी या तीन घाटांनी वेढलेल्या या मुलखात वर्षभर पुरेल इतके धान्य बहुतेक घरांत कधीच पिकले नाही. ती तूट मुंबईने भरायची, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब. घरातला एक गडी गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या पेढीवर. बाई, म्हातारी आणि पोरे गावात. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या, पाळीपाळीने झोपायची सोय होती. असे घर दोन पायांवर उभे असते, आणि मंदी दोन्ही पायांवर एकदमच घाव घालते: गावात भाताचा भाव पडतो आणि शहरात काम जाते.

अशा वेळी सरकार काय करते? गेल्या शंभर वर्षांत याचे उत्तर इथे दोनदा ठळकपणे मिळाले. एकदा १९३० नंतरच्या दशकात, आणि दुसऱ्यांदा २०२० च्या टाळेबंदीत. मधल्या काळात गिरण्यांचा संप आणि त्यानंतरची वाताहत झाली, तिची झळही याच वाड्यांना बसली. या सगळ्याचा कागद वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. मदत गरज पाहून जात नाही, ती नाव पाहून जाते. ज्याचे नाव सरकारच्या दप्तरात आहे त्याच्या दारात ती उतरते. म्हणून संकट आल्यावर किती कोटी जाहीर झाले यापेक्षा, संकट येण्याआधी दप्तरात कुणाचे नाव लागले होते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

*

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर शेतमालाचे भाव घसरू लागले. हिंदुस्थानात तांदळाचा भाव पुढच्या तीन-चार वर्षांत निम्म्याच्या आसपास आला. ब्रह्मदेशातून येणारा रंगुनी तांदूळ मुंबईच्या बाजारात आधीच स्वस्त होता, तो आणखी स्वस्त झाला. सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा चढाच धरून ठेवला, त्यामुळे भावांना सावरायला वाव उरला नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडले, सोन्याचा रुपयातला भाव वाढला आणि घराघरांतले सोने मुंबईच्या बाजारातून जहाजांत भरून बाहेर जाऊ लागले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याची नोंद निर्यात म्हणून आहे. ती निर्यात म्हणजे बायकांच्या अंगावरचे डाग होते, सारा आणि सावकाराचे देणे भागवण्यासाठी मोडलेले.

सारा रोकड भरायचा असे. तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्तात तो ठरलेला. भाताचा भाव निम्मा झाला म्हणजे तोच सारा भरायला दुप्पट भात विकावे लागणार, हे कुणालाही कळण्यासारखे आहे. पण साऱ्यात सूट किंवा तहकुबी देण्याची सरकारची मोजपट्टी आणेवारीची होती. सोळा आण्यांपैकी पीक किती आणे आले, ते पाहायचे. ही पट्टी दुष्काळासाठी बनलेली. पीक बारा आणे आले असेल तर तिच्या हिशेबी शेतकऱ्याचे बरे चालले आहे. त्या बारा आणे पिकाला बाजारात काय मिळाले, हे मोजायची सोय तिच्यात नव्हती.

आता यात खोत आणा. महाडकडच्या कित्येक गावांत सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सरकारी दप्तरात गावच्या साऱ्याला जबाबदार तो. कूळ त्याला भातजमिनीवर अर्धेल म्हणजे अर्धे पीक देई, वरकसावर तिरधेल म्हणजे तिसरा हिस्सा. उभ्या पिकाची अभावणी खोताचा माणूस करी. शेत पाहून अमुक मण येईल असा अंदाज बांधी, आणि त्या अंदाजावर वसुली होई. अंदाज चढा धरला तर दाद मागायची खोताकडेच. शिवाय वेठ होतीच. खोताच्या शेतात नांगर घेऊन जायचे, त्याच्या घरचे काम करायचे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढायची तीही खोताकडून किंवा सावकाराकडून, सवाईने नाहीतर दिढीने. जूनमध्ये एक मण घेतले की दिवाळीनंतर सव्वा किंवा दीड मण परत.

मंदीत या साखळीत काय झाले असेल, याचा हिशोब अवघड नाही. खोताला सारा रोकड भरायचा, म्हणून त्याने कुळाकडच्या वसुलीत ढिलाई करायचे कारण नव्हते. कुळाच्या वाट्याला उरलेल्या भाताचे मीठ-मिरची, कापड आणि रोकड देण्यासाठी जेमतेम निम्मे पैसे होत. आणि सरकारने कधी सूट दिलीच, तर ती आधी खोताच्या खात्याला लागायची. तिचा वाटा खाली कुळाला मिळावा अशी तजवीज कायद्याच्या पुस्तकात असली तरी ज्या कुळाकडे भरलेल्या खंडाची साधी पावतीही नसे, त्याने ती कुणाच्या तोंडावर वाचून दाखवायची? मदत खोतापाशी थांबे. कुळाचे नाव दप्तरात नव्हते, म्हणून मंदीत त्याचे काय झाले याचीही दप्तराला खबर नव्हती.

दुसरा पाय मुंबईत होता. १९३३-३४ मध्ये गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, जिथे चालू होत्या तिथे पगार कापले जात होते. एप्रिल १९३४ मध्ये त्याविरुद्ध सार्वत्रिक संप झाला. काम गेलेला माणूस मुंबईत किती दिवस काढणार? खाणावळीची उधारी वाढली की तो आगबोटीने गावची वाट धरी. त्याच्यासाठी बेकारीचा भत्ता नव्हता. १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांविषयीचा आपला अहवाल दिला. त्यात म्हटले होते की आजारपण, संप, बेकारी आणि म्हातारपण यांत कामगाराला गावच्या घराचा आधार असतो, तो एक प्रकारचा विमाच आहे, आणि हे नाते तुटू देऊ नये. आयोगाची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. पण त्या विम्याचा हप्ता कोण भरत होते, हे पाहायला हवे. तो भरत होती पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई, नाचणीच्या भाकरीचे आणखी दोन तुकडे करून. मुंबईच्या उद्योगाने नफ्याच्या काळात माणूस वापरला आणि मंदीत त्याच्या पोटाचा भार गावावर टाकला. सरकारने हा व्यवहार स्वाभाविक मानला.

मदतीच्या योजना आल्या नाहीत असे नाही. मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांनी १९३३ मध्ये ग्रामसुधारणेची मोहीम काढली. १९३५ च्या अर्थसंकल्पात हिंदुस्थान सरकारने साऱ्या देशातल्या खेड्यांसाठी एक कोटी रुपयांचे अनुदान ठेवले. विहिरी, रस्ते, बी-बियाणे, स्वच्छता अशी कामे त्यातून निघाली. कामे चांगली होती. पण अर्धेल तसेच राहिले, सवाई-दिढी तशीच राहिली. भूतारण बँकाही याच दशकात उभ्या राहू लागल्या, जुने कर्ज फेडायला लांब मुदतीचे कर्ज देण्यासाठी. तारण ठेवायला जमीन नावावर हवी. खोती गावच्या कुळाला तो दरवाजाही बंदच.

*

हा दरवाजा उघडण्याची मागणी खालून आली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावे त्यात उतरली आणि तो संप सहा वर्षे चालला. जमीन पड टाकायची म्हणजे आधी आपलेच पोट मारायचे. लोकांनी लाकडे विकून, मासे-चिंबोऱ्या पकडून, मजुरी करून ती वर्षे काढली. मंदी ऐन भरात असताना लोकांनी हा निर्णय घेतला, याचे मला फार मोल वाटते. हातात काही उरत नाही असे दिसल्यावर त्यांनी सरकारकडे खावटी मागितली नाही, जमिनीवरचा हक्क मागितला.

महाडला या लढ्याची नाळ आणखी मागे जाते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांच्याबरोबर असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे पुढे खोतीविरुद्धच्या चळवळीतही होते. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचा गाभा साधा होता: खोताला नुकसानभरपाई द्यावी, त्याला मधून काढावे, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करावे. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. महाडच्या पाण्याचा लढा आणि महाडच्या जमिनीचा लढा आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्या माणसांच्या आयुष्यात ते वेगळे नव्हते. तळ्यावर हक्क सांगणाऱ्या माणसाचे घर ज्याच्या जमिनीवर आणि पोट ज्याच्या खावटीवर, त्याने उद्या दोन्ही बंद केली तर तो हक्क टिकणार कसा?

विधेयक मंजूर झाले नाही. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मात्र इतर कायदे केले. १९३८ मध्ये छोट्या जमीनधारकांच्या जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून तात्पुरते संरक्षण देणारा कायदा झाला. १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. मंडळापुढे सावकार आणि ऋणको दोघांना बसवून, जुना हिशोब तपासून, व्याज छाटून, फेडता येतील असे हप्ते बांधून द्यायचे. त्याच वर्षी कुळकायदा झाला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानायचे, त्याला मनमानी हुसकावता यायचे नाही. चरीच्या संपाचे हे फळ, असे त्या भागातले लोक आजही अभिमानाने सांगतात.

पण १९३९ सरताना मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कुळकायदा सुरुवातीला मोजक्याच जिल्ह्यांना लागू झाला आणि साऱ्या प्रांताला लागू व्हायला १९४६ उजाडले. कर्जनिवारणाचा कायदा १९४७ मध्ये नव्याने करावा लागला, मंडळांऐवजी न्यायालयांकडे काम देऊन. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, अमलात आला १९५० मध्ये. मंदी तोवर महायुद्धाने कधीच संपवली होती; भाव उलट आकाशाला भिडले होते. म्हणजे ज्या संकटाने या सुधारणा घडवल्या, त्या संकटात त्यांचा उपयोग कुळाला झालाच नाही.

याच वर्षांत अमेरिकेत रूझवेल्ट यांचे ‘न्यू डील’ चालू होते, आणि त्याची एक बाजू महाडच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १९३३ च्या शेतीविषयक कायद्याने कापसाचे पीक कमी करून भाव सावरायचे ठरवले. पीक न घेण्याबद्दल सरकार पैसे देणार होते, आणि ते जमीनमालकाला. त्यातला वाटा त्याने आपल्या अर्धेलीच्या कुळाला द्यावा, अशी अपेक्षा होती. दक्षिणेतल्या पुष्कळ मालकांनी पैसे ठेवून घेतले आणि जमीनच कमी कसायची म्हणून कुळांना काढून लावले. त्यांत काळे होते, गोरेही होते. १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात या कुळांनी मिळून आपली संघटना काढली. एवढ्या मोठ्या मदतयोजनेतही पैसा मालकाच्या नावापाशीच अडला. त्याच ‘न्यू डील’ने लक्षावधी बेकारांना रस्ते, शाळा, धरणे बांधायला लावून थेट मजुरी दिली, तिथे मात्र मध्ये मालक नव्हता आणि पैसा हातात पडला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

*

महाराष्ट्राला ही थेट मजुरीची वाट पुढे सापडली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात कामांवरच्या माणसांचा आकडा १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. या कायद्यात मागणाऱ्याच्या नावावर जमीन आहे का, हे कुणी विचारत नव्हते. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईच्या पगारदाराच्या पाकिटातून कापलेला पैसा राज्याच्या खेड्यांत मजुरी म्हणून जाऊ लागला. व्हिटले आयोगाने जो भार गावावर ठेवला होता त्याचा थोडा हिस्सा शहराने उचलला, असे मी म्हणेन. आपल्या राज्याने केलेल्या कामांतले हे एक फार मोठे काम आहे.

पण कोकणात ही योजना रुजली नाही. दुष्काळी पठाराच्या गरजेतून ती जन्मली, आणि इथला गडी काम मागायला तहसील कचेरीत जाण्याऐवजी एस.टी. पकडून मुंबईला जात होता. १९९० नंतर हमीला फळबागेची जोड दिली गेली, तेव्हा कोकणाने ती उचलली. उताराच्या पडीक वरकसावर आंबा-काजूची कलमे लागली, खड्डे खणायची आणि कलमे जगवायची मजुरी सरकारने दिली. पोलादपूरच्या बाजूला डोंगरात आज काजूची जी झाडे दिसतात त्यांत त्या योजनेचा वाटा आहे. पण अर्जाला सातबारा जोडायचा होता. पुन्हा नावाचा प्रश्न आला.

महाड तालुक्यातल्या एखाद्या जुन्या खोती गावचा सातबारा हातात घेऊन वाचून पाहा. डावीकडे भोगवटादाराची नावे असतात. आजोबा वारले, वारसनोंद झाली. मग त्यांची पाच मुले, दोन मुली, त्यांची मुले. गुंठ्याच्या हिशोबाने मोजायची जमीन आणि वीस-पंचवीस नावे. निम्मे मुंबई-ठाण्यात, काही सुरतेला, एखादा दुबईत. सगळ्यांची संमतीपत्रे आणल्याशिवाय कर्ज, अनुदान, कलमे काहीच पुढे सरकत नाही. उजवीकडे ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. तिथे बारीक अक्षरात कधीकधी एकच नाव सापडते, पुढे ‘कूळ’ असा शब्द. तीन पिढ्या तो माणूस आणि त्याचे घर तीच जमीन कसत आहे. १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनाला, कायद्याने तो मालक मानला गेला होता. पण नव्या कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची, आणि ३२ म चे प्रमाणपत्र घेऊन त्याची फेरफार नोंद करायची. तारखेला तहसीलदारापुढे हजर राहून जमीन घ्यायची आहे असे सांगावे लागे. गैरहजर राहिला तर खरेदी निष्फळ ठरे. तो तर तेव्हा परळच्या गिरणीत रात्रपाळीला होता. नोटीस गावच्या घरावर चिकटली, घरात वाचता येणारे कुणी नव्हते. तेव्हापासून तो त्या उजव्या रकान्यात आहे.

१९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो घरांतले पुरुष रिकाम्या हातांनी परतले. त्यांच्यासाठी राज्याने गावात काही उभे केले असे म्हणता येणार नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आले, काहींना तिथे काम लागले, तेही बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली.

*

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरले. मुंबई-गोवा महामार्गाने चाकरमानी परतू लागले, काही टेम्पोत लपून, काही पायी. गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवून मग घरी सोडायचे, अशी ग्रामपंचायतींनी व्यवस्था केली. नव्वद वर्षांपूर्वी आगबोटीने आलेला माणूस आणि हा माणूस यांच्यात एक फरक होता. या वेळी सरकारकडे योजना तयार होत्या, आणि त्या पुष्कळ होत्या. हे मान्य केले पाहिजे. उपासमार त्यामुळेच टळली.

प्राधान्य आणि अंत्योदय शिधापत्रिकांवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आला. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. रोजगार हमीची राज्यातली मजुरी दोनशे सहावरून दोनशे अडतीस रुपये झाली.

आता या प्रत्येकीवर नाव कुणाचे, ते पाहू. प्राधान्य कुटुंबाच्या यादीत यायला ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांच्या आत उत्पन्न हवे. मुंबईत वॉचमनची नोकरी करणाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न या मर्यादेच्या वर जाई. तो केशरी कार्डात. काम गेल्यावर त्याचे उत्पन्न एका दिवसात शून्य झाले, पण कार्ड केशरीच राहिले. केशरीवाल्यांसाठी राज्याने मे-जूनमध्ये गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने दिला. फुकट मात्र नाही. चांगल्या दिवसांत बनवलेली गरिबांची यादी मंदीत उपयोगाची नसते, कारण मंदी नवे गरीब बनवते. पीएम किसानला जमीन स्वतःच्या नावे हवी. उजव्या रकान्यातल्या कुळाला त्यात जागा नाही. १९३३ च्या अमेरिकी कायद्यातला नियम आणि हा नियम यांच्यात तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. आणि रोजगार हमीच्या कामावर जायचे तर जॉबकार्ड गावचे हवे. परतलेल्याकडे ते नव्हते. बाहेर गवंड्याच्या हाताखाली यापेक्षा जास्त मजुरी मिळते, म्हणून या भागात ग्रामपंचायतीने कामांचा आराखडा गांभीर्याने केलेलाच नसतो. बाहेरचे काम बंद पडले, तेव्हा आराखड्यात काढायला काम नव्हते.

सर्वांत वाईट गोष्ट कातकरी आदिवासींची. पावसाळा संपला की ही माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती मे अखेरीस परततात. टाळेबंदीत भट्ट्या थांबल्या, उचल फिटली नाही. राज्याने बंद पडलेली खावटी योजना पुन्हा सुरू केली, या वेळी कर्ज नाही तर अनुदान म्हणून: कुटुंबामागे चार हजार, दोन हजार खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू, डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ, चहा. निर्णय योग्य होता, आणि कातकरी कुटुंबांना ते अनुदान मिळण्यात जमिनीची अट नव्हती. मंजुरी २०२० च्या पावसाळ्यात झाली. वस्तूंच्या पिशव्या वाटल्या गेल्या तेव्हा २०२१ उजाडले होते. खावटी ही पावसाळ्याच्या तोंडावर लागते, तेव्हाच ती खावटी असते. सवाईने देणारा सावकार निदान जूनमध्ये देतो.

मग एकावर एक घाव बसले. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली, तळियेत डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. राज्याने साडेअकरा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. पूरग्रस्त कुटुंबांना दहा हजार, दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत. वादळानंतर बागांची भरपाई हेक्टरी पन्नास हजार झाली, आणि ती वाटताना सामाईक सातबाऱ्याची तीच संमतीपत्रे आड आली.

तहसील कचेरीतल्या माणसांना मी दोष देत नाही. त्या दोन वर्षांत त्यांनी झोप सोडून काम केले. त्यांच्या हातात जी यादी दिली तिच्याबाहेर ते जाऊ शकत नव्हते. यादी नीट करायचे काम संकटात होत नाही, ते आधी करायचे असते, आणि आधी कुणाला त्याची घाई नसते. १९३९ चे कायदे मंदी सरल्यावर लागू झाले, हे आपण एकदा पाहिले आहे.

सरकारने काय करायला हवे ते लांबलचक सांगायची गरज नाही. खोती गावांतल्या ३२ ग च्या प्रलंबित प्रकरणांसाठी गावात बसून शिबिरे घ्यावीत, तहसीलला तारखा देऊ नयेत. ग्रामपंचायतीने बाहेर राहणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, म्हणजे परतल्या दिवशी जॉबकार्ड आणि धान्य दोन्ही मिळेल. कातकऱ्यांची खावटी दरवर्षी मे अखेरीस पोहोचावी.

आणि हा अंक मुंबईत किंवा ठाण्यात वाचणाऱ्या महाड-पोलादपूरच्या वाचकाला एक विनंती. गावी जाल तेव्हा आपल्या जमिनीचा सातबारा काढा. आता तो मोबाइलवरही पाहता येतो. आजोबांची वारसनोंद झाली आहे का, बहिणींची नावे लागली आहेत का, ते पाहा. ‘इतर हक्क’ या रकान्यात आपल्या घरातले नाव कूळ म्हणून असेल तर ३२ ग चा आदेश झाला होता का, याची तहसील कचेरीत अर्ज देऊन चौकशी करा आणि अर्जाची पोच घेऊन ठेवा. तुमच्या नावासमोरच्या रकान्यात दुसऱ्याचे कूळ असेल, तर त्याला त्याचा हक्क मिळवायला आडवे येऊ नका.